‘आभासी’ मेमरीत आभास कसला?

प्रश्न: ‘व्हर्च्युअल मेमरी’ला ‘आभासी स्मृती’ म्हणणे बरोबर आहे का, आणि यंत्रातली प्रत्यक्ष मेमरी व ॲप्लिकेशनची ॲड्रेस स्पेस (म्हणजे त्याला वापरता येणाऱ्या पत्त्यांचा सारा पसारा) यांचे नाते सांगायला मराठीत नेमके शब्द कोणते वापरावेत, असे एका वाचकाने विचारले आहे.

उत्तर: बरोबर नाही. फोनच्या दुकानात ‘आठ जीबी रॅम, वर आठ जीबी व्हर्च्युअल रॅम, म्हणजे झाली सोळा’ असा हिशेब गिऱ्हाइकाच्या गळी उतरवला जातो, आणि ‘आभासी स्मृती म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवर घेतलेली उसनी जागा’ ही व्याख्या उत्तरपत्रिकांतही बिनबोभाट गुण मिळवून जाते. दुकानदार ज्याला व्हर्च्युअल रॅम म्हणतो, तो फोनच्या साठवणीतला स्वॅपसाठी, म्हणजे रॅममधला सध्या न लागणारा मजकूर हलवून ठेवण्यासाठी, बाजूला काढलेला एक तुकडा असतो. स्वॅप ही व्हर्च्युअल मेमरीमुळे शक्य होणाऱ्या अनेक गोष्टींपैकी केवळ एक आहे. स्वॅप पूर्ण बंद केलेल्या, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या यंत्रावरसुद्धा प्रत्येक ॲप्लिकेशन व्हर्च्युअल पत्त्यांवरच चालते, तेव्हा डिस्कचा संबंध व्याख्येत घुसवण्याचे काहीच कारण नाही.

रॅम म्हणजे काय, बाइट म्हणजे काय, यात वेळ घालवत नाही. ध्यानात घेण्याची गोष्ट एवढीच की, प्रोग्रॅम जो पत्ता उच्चारतो तो रॅमच्या चिपमधल्या कुठल्याही कायमच्या जागेचा पत्ता नसतो. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक वेगळा तक्ता राखते, आणि पत्ता उच्चारला गेला की प्रोसेसरमधली यंत्रणा त्या तक्त्यात पाहून रॅममधली खरी जागा शोधते. हा व्यवहार एकेका बाइटाने होत नाही, तो पानापानाने होतो, आणि बहुतेक यंत्रांत एक पान ४,०९६ बाइटांचे असते. एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे प्रोसेसर वळला की तक्ताही बदलतो, त्यामुळे दोन प्रोग्रॅम एकाच क्षणी तोच पत्ता बाळगून असू शकतात आणि तरीही त्यांना तिथे वेगवेगळ्या गोष्टी सापडतात. खात्री करायची असेल तर ‘फोर्क’ या आज्ञेने एका प्रक्रियेची (चालू प्रोग्रॅमची) प्रत काढावी, दोघींना एकाच चलाचा (व्हेरिएबलचा) पत्ता छापायला सांगावा आणि मग धाकटीला, म्हणजे प्रतीला, त्या चलाची किंमत बदलायला लावावी. दोघींचे छापील पत्ते अंकाअंकाने जुळतात आणि किमती मात्र वेगळ्या निघतात. गंमत अशी की, धाकटीने लिहायला हात घालेपर्यंत रॅममधली जागाही दोघींची एकच असते. लिहिण्याच्या क्षणी तेवढ्या एका पानाची प्रत तयार होते.

याहून सोपा पुरावा लिनक्सवर ‘टॉप’ ही आज्ञा दिल्यावर समोर येणाऱ्या दोन रकान्यांत आहे. ‘व्हर्ट’ या रकान्यात प्रोग्रॅमने आपल्या पत्त्यांच्या पसाऱ्यापैकी किती भाग मांडून घेतला आहे ते दिसते आणि ‘रेस’मध्ये त्यातला किती भाग आत्ता खरोखर रॅममध्ये मुक्कामाला आहे ते दिसते. एखाद्या प्रोग्रॅमने एक जीबी मागितली की ‘व्हर्ट’ तेवढ्याने फुगते आणि ‘रेस’ जवळजवळ जागचे हलत नाही. मग त्या जीबीतल्या २,६२,१४४ पानांपैकी पहिल्या शंभर पानांवर एकेक अक्षर लिहिले की ‘रेस’ सुमारे चारशे केबीने वाढते (यंत्र आपणहून मोठाली पाने वापरत नसेल तर, तशी सोय चालू असल्यास आकडा बराच मोठा निघेल). आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे पोहरा आडाहून मोठा मागता येतो, मात्र भरायची वेळ आली की आडाचीच सत्ता चालते.

उलट दिशेचे उदाहरण तर या ‘उसन्या जागे’च्या व्याख्येला पुरते आडवे करते. १९९५ साली आलेल्या पेंटियम प्रो या प्रोसेसरात रॅमसाठी ३६ बिटांचा पत्ता होता, म्हणजे ६४ जीबीपर्यंत रॅम जोडता येत असे; पण प्रोग्रॅमचा पत्ता ३२ बिटांचाच राहिला, म्हणजे त्याची धाव ४,२९,४९,६७,२९६ बाइटांपाशी, अर्थात चार जीबीपाशी संपे. तिथे व्हर्च्युअल पसारा जोडता येणाऱ्या रॅमहून लहान होता. जी गोष्ट मूळ वस्तूहून लहानही असू शकते, ती त्या वस्तूची ‘पुरवणी’ कशी ठरेल?

आता शब्दाकडे येऊ, कारण मला खरा रस तिथे आहे. ‘व्हर्च्युअल’ हा शब्द लॅटिन ‘व्हिर्तुस’पासून आला, ‘व्हिर्तुस’ म्हणजे अंगची ताकद, कर्तबगारी. आणि ते आले ‘व्हिर’पासून, म्हणजे पुरुष. हा ‘व्हिर’ आणि आपला ‘वीर’ सख्खे भाऊ आहेत. इंग्रजीतल्या ‘वेअरवुल्फ’ या नरलांडग्याचा ‘वेअर’ही त्यांच्याच कुळातला. तेव्हा ‘व्हर्च्युअल’चे मराठी नाते ‘आभास’शी नसून ‘वीर्या’शी आहे, आणि इथे ‘वीर्य’ आयुर्वेदाच्या अर्थाने घ्यायचे. औषधी उष्णवीर्य आहे की शीतवीर्य, असे वैद्य विचारतात तेव्हा त्यांना तिचा रंगरूप-आकार विचारायचा नसतो, तिची क्रिया विचारायची असते. ज्याच्या योगाने क्रिया घडते ते वीर्य, असे चरकसंहितेत स्पष्ट सांगितले आहे. युरोपातही वनौषधींच्या गुणाला ‘व्हर्च्यू’च म्हणत. रूप नाही पण क्रिया आहे, देह नाही पण सामर्थ्य आहे, असा हा मूळ अर्थ दोन खंडांत एकाच धातूच्या आसपास नांदत होता आणि आपण तो शेजारच्या घरात असूनही ओळखला नाही, याचे मला वाईट वाटते. अर्थात आजच्या मराठीत ‘वीर्य’ शब्द एकाच अर्थाने उरला असल्यामुळे ‘वीर्यस्मृती’ असा शब्द सुचवण्याइतका मी भाबडा नाही.

चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९०२ सालच्या एका कोशात ‘व्हर्च्युअल’ची जी व्याख्या केली आहे, तिचा आशय असा की, जी वस्तू ‘क्ष’ नाही, पण जिच्या अंगी ‘क्ष’चे सामर्थ्य आहे, ती व्हर्च्युअल ‘क्ष’. आता न्यायशास्त्रातला (म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातला) ‘हेत्वाभास’ घ्या; तिथे ‘हेतू’ म्हणजे अनुमानाचा आधार. जो हेतूसारखा दिसतो पण हेतूचे काम करू शकत नाही, तो हेत्वाभास. म्हणजे ‘आभास’ हा ‘व्हर्च्युअल’चा प्रतिशब्द तर नाहीच, तो त्याच्या बरोबर उलट आहे! एकात रूप आहे आणि सामर्थ्य नाही, दुसऱ्यात सामर्थ्य आहे आणि रूप नाही. प्रोग्रॅमने व्हर्च्युअल पत्त्यावर लिहिलेली रक्कम पुढच्या क्षणी त्याच पत्त्यावर जशीच्या तशी परत मिळते, आणि बँकेचा सारा हिशेब त्यावर चालतो. यात आभास कसला?

मग हा शब्द शिरला कुठून? माझा तर्क असा की, तो शाळेच्या प्रकाशशास्त्रातून आला. आरशातल्या प्रतिमेला पाठ्यपुस्तकांत ‘आभासी प्रतिमा’ म्हणतात आणि तिथे तो शब्द शोभतो, कारण ती प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही. शिवाय ‘भास्’ या धातूचा अर्थच मुळी प्रकाशणे असा असल्यामुळे आरशाच्या संदर्भात तो दुहेरी चपखल बसतो. पुढे संगणक आला, कुणीतरी जुनी यादी उघडली, ‘व्हर्च्युअल’समोर ‘आभासी’ छापलेले पाहिले आणि तोच शब्द उचलला. परिभाषा घडवणाऱ्यांची ‘एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द’ ही अट शिस्तीची वाटते खरी, पण तिच्यापायी आरसा आणि मेमरी एका मापाने मोजली जातात. ‘आता शब्द रुळला आहे, वाद कशाला’ असे म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे की, रुळलेल्या शब्दाने विद्यार्थी खोटी व्याख्या शिकत असतील तर त्या रुळण्याचे कौतुक कशासाठी करायचे? ‘काल्पनिक स्मृती’ सुचवणाऱ्या मंडळींबद्दल तर न बोललेले बरे. ती मेमरी काल्पनिक असती तर त्यांनी ती सूचना टंकलेले पत्र कुठे साठवले असते?

ज्यांनी ही कल्पना प्रथम यंत्रात उतरवली, त्यांनी या विशेषणाचा आधारही घेतला नव्हता. मँचेस्टरला टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला ॲटलस संगणक १९६२ साली सुरू झाला. त्याच्या चुंबकीय मेमरीत १६,३८४ शब्द (इथे ‘शब्द’ म्हणजे मेमरी मोजण्याचे एकक) मावत, म्हणजे ५१२ शब्दांची एक याप्रमाणे ३२ चौकटी, अर्थात पाने बसवण्याच्या जागा. बाकीचा मजकूर फिरत्या ड्रमवर असे, आणि प्रोग्रॅमला मात्र दहा लाखांहून अधिक शब्दांचे पत्ते उच्चारण्याची मुभा होती. या व्यवस्थेला तिच्या कर्त्यांनी ‘एकस्तरीय साठा’ असे साधे नाव दिले. पत्ता हे माहितीचे नाव आहे, ती माहिती कुठे ठेवली आहे याचे वर्णन नव्हे, हा त्यांचा खरा शोध होता. ड्रम हा त्या काळच्या महाग मेमरीवरचा उपाय होता. नंतरच्या लोकांनी उपाय लक्षात ठेवला आणि शोध विसरले.

म्हणून माझे म्हणणे असे की, ‘व्हर्च्युअल मेमरी’ देवनागरीत तशीच लिहावी, आणि ‘ॲड्रेस स्पेस’साठी ‘पत्त्यांचा पल्ला’ म्हणावे. ‘अवकाश’ नको, कारण तो शब्द वाचताच मुले उपग्रहांकडे पाहू लागतात. तोफेचा पल्ला म्हणजे ती जिथवर मारा करू शकते ते अंतर. मारा झालाच पाहिजे असे नाही. प्रोग्रॅमच्या पत्त्यांचेही तसेच आहे. पल्ला प्रोग्रॅमचा आणि रॅम ऑपरेटिंग सिस्टीमची, अशी वाटणी ध्यानात ठेवली की एकच चौकट अनेकांच्या पल्ल्यात कशी असू शकते (सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामायिक लायब्ररीची (तयार प्रोग्रॅम-तुकड्यांच्या संचाची) एकच प्रत रॅममध्ये असते ती याच जोरावर), किंवा पल्ल्यातला पत्ता कोणत्याही चौकटीशी जोडलेला नसणेही कसे शक्य आहे, याचा उलगडा आपोआप होतो.

पल्ल्यातला तुकडा तो ‘पान’ आणि रॅममधली त्याची बसण्याची जागा ती ‘चौकट’, हा भेदही पाळावा. दोन्हींना सरसकट ‘पृष्ठ’ म्हणणाऱ्या भाषांतरांत कोण कुठे बसले आहे तेच कळत नाही. आणि ‘पेज फॉल्ट’साठी वापरला जाणारा ‘पृष्ठदोष’ हा शब्द तर तातडीने मागे घ्यावा. पृष्ठ म्हणजे पाठ, तेव्हा तो ऐकून माणूस अस्थितज्ज्ञाकडे जाईल. आणि मुख्य म्हणजे तिथे दोष कुणाचाच नसतो. हवे ते पान चौकटीत हजर नाही एवढेच प्रोसेसर कळवतो, ऑपरेटिंग सिस्टीम ते आणून बसवते आणि अडलेली आज्ञा पुन्हा चालवली जाते. ‘पानाची गैरहजेरी’ म्हटले की काम भागते.