पूल तर झालाच नाही, मग सिव्हिल कशाला?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा अकरावीत, शाळा दुबईतली सीबीएसईची, बाबांच्या जुन्या फाइलीत त्याला शेख रशीद बिन सईद क्रॉसिंग या कधीच न झालेल्या पुलाचं चित्र सापडलं आणि तेव्हापासून त्याला सिव्हिल इंजिनिअरिंगच करायचंय, घरात दुसरा विषयच नाही, त्यात बाबा म्हणतात २००९ ला याच सिव्हिलपायी माझी नोकरी गेली, गुपचूप कम्प्युटर घे. आणि तुम्ही दोघांच्या मधे सापडलात.

आधी बाबांचं बोलू, कारण ते उगाच बोलत नाहीयेत. तो पूल २००८ ला जाहीर झाला, दुबई क्रीकवर, मुख्य कमान ६६७ मीटरची, उंची २०५ मीटर, गाड्यांना १२ लेन आणि मधून मेट्रो. मग मंदी आली आणि सगळं कागदावरच राहिलं. ज्याच्या घरात त्या वर्षी पगार थांबला त्याला ते चित्र बघून काय वाटत असेल हे मुलाला एकदा शांतपणे सांगा, त्याला माहीतच नसेल.

पण साधारण त्याच सुमारास आपल्याकडे जम्मू-काश्मीरमधे चिनाब नदीवरच्या पुलाचं काम पण थांबलं होतं बरं का. तो फक्त रेल्वेचा, ४६७ मीटरची कमान, नदीच्या तळापासून ३५९ मीटर वर. वारा, सुरक्षितता, सगळं परत तपासलं गेलं, काम परत सुरू झालं आणि ६ जून २०२५ ला उद्घाटन झालं. त्यात बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेच्या प्रा. माधवी लता १७ वर्षं होत्या आणि त्यांचं काम कमानीच्या स्टीलचं नव्हतं, कमान ज्या डोंगरावर टेकते त्या खडकाचं होतं. म्हणजे एक पूल रद्द झाला म्हणून शिकलेलं वाया जात नाही, तेच गणित धरणाला लागतं, मेट्रोला लागतं, बोगद्याला लागतं. नोकरी मात्र एखादवेळी जाऊ शकते, ते मी नाकारत नाही, आणि ती कम्प्युटरमध्ये पण जाते हो.

आता खरा प्रश्न, त्याला चित्र आवडलंय की पूल? एक करा. पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्या, दोन जाड पुस्तकांच्या मधे कमानीसारखी वाकवून बसवा आणि त्याला मधोमध बोटाने दाबायला सांगा. पुस्तकं बाहेर सरकतील. मग पुस्तकं घट्ट धरा आणि एका बाजूला दाबायला सांगा, दुसरी बाजू वर फुगेल. आगगाडी एका टोकाकडून पुलावर शिरते तेव्हा हेच होतं, म्हणून रस्ता आणि रेल्वे दोन्ही नेणारी कमान नुसती मजबूत असून भागत नाही, ताठ पण लागते. सिडनीचा ५०३ मीटरच्या कमानीचा पूल १९३२ ला उघडायच्या आधी त्यावर ९६ वाफेची इंजिनं उभी करून तपासला होता. हे वाचून तो इंजिनांचे फोटो शोधतो की ‘पुस्तकं सरकू नयेत म्हणून काय करतात’ विचारतो, ते बघा. फोटोच शोधत बसला तर आर्किटेक्चरचा पण विचार करू, त्यात वाईट काही नाही, पण ती वाट वेगळी, नाटासारखी आर्किटेक्चरची वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

प्रश्न विचारायला लागला तर मग पीसीएम, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, पक्कं करायचं, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची जेईई मेन द्यायची, आणि तुम्ही आखातात नोकरीला असल्यामुळे सीआयडब्ल्यूजी कोटा, म्हणजे आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठीच्या जागा, मिळतो का हे आत्ताच बघा, नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटीत त्या जागा असतात. बारावी झाल्यावर धावपळ नको, बाबांचे नोकरीचे आणि व्हिसाचे कागद लागतात. चार वर्षं साधं सिव्हिलच करू दे, पूल वगैरे नंतर, गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेक स्ट्रक्चरलला.

आणि पुठ्ठ्याचा प्रयोग बाबांसमोरच करा, पुस्तकं त्यांनाच धरायला सांगा.