डोंगरातली जमीन : वाट, पाणी आणि भाऊबंद

सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावं ‘नवीन महाबळेश्वर’ या नव्या गिरिस्थानाच्या प्रकल्पात गेल्यापासून कास, बामणोली, तापोळ्याकडच्या जमिनींबद्दल पत्रं वाढली आहेत. त्यातली काही या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो, शेतकरी नाही. जावळीत दोन गुंठे ‘फार्महाऊस प्लॉट’ मिळतोय. एजंट म्हणतो, सातबाऱ्यावर नाव लावून देतो. घ्यावा का?

नको. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती नसेल तर व्यवहारच अवैध ठरू शकतो. त्यात दोन गुंठ्यांना तुकडेबंदी (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला मनाई) आडवी येते. २०२३ मध्ये मर्यादा उतरवली, तरी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठेवले आहेत. अलीकडे काही भागांना सवलती मिळाल्या आहेत. तुमचा गट त्यात बसतो म्हणणाऱ्याकडून तहसीलचं लेखी पत्र मागा, तोंडी भरवसा नको.

‘नाव लावून देतो’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की एकाच सातबाऱ्यावर पंधरा-वीस अनोळखी माणसं सामायिक मालक होणार. तुमचे दोन गुंठे नेमके कुठले, हे फक्त एजंटच्या नकाशावर असतं. पुढे वाटप मागायचं तर त्या सगळ्यांच्या मागे फिरायचं. नोटरी केलेलं साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन बसलेल्यांची अवस्था तर याहून वाईट.

तुमच्यासाठी दोन रस्ते मोकळे आहेत : बिनशेती झालेला भूखंड किंवा गावठाणातलं जुनं घर. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा मुळात कर आकारणीचा उतारा असतो, मालकीचा पुरावा नव्हे. ड्रोन मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिका मागा.

प्रश्न : मी शेतकरी आहे. सातबारा एकाच नावावर आहे, बोजा नाही. आणखी काय पाहायचं?

सातबारा फक्त आजची स्थिती सांगतो. जमीन या हातात कशी आली ते फेरफारांत सापडतं. सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक धरून मागे मागे जा, जुने हस्तलिखित उतारे काढा, शिवाय दुय्यम निबंधकाकडचा तीस वर्षांचा शोध घ्या.

डोंगरी पट्ट्यात तीन ठिकाणी हमखास पाय अडकतो. पहिलं, ‘इतर हक्क’ हा रकाना. तिथे ‘कु. का. कलम ४३ ला पात्र’ (कु. का. म्हणजे कुळकायदा) असं असलं किंवा भोगवटादार वर्ग २, म्हणजे शर्तीवर दिलेली जमीन, असं लिहिलं असलं, तर ती जमीन सरळ विकता येत नाही. आधी परवानगी किंवा नजराण्याचं (सरकारला भरायच्या रकमेचं) पाहावं लागतं. धरणग्रस्तांना मिळालेल्या पुनर्वसनाच्या जमिनींचंही तसंच. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठची ‘लेक टच’ जमीन दाखवत असतील तर तिचा काही भाग कोयनेसाठी पूर्वीच संपादित झाला आहे का, ते मोजणी नकाशावर पाहा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडी पडलेली जमीनही काही महाभाग विकायला काढतात.

दुसरं, खाजगी वन. १९७५ च्या कायद्याने अशी वनं ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारकडे गेली. सातबाऱ्यावर नोंद नंतर चढली किंवा चढलीच नाही, अशी प्रकरणं सह्याद्रीत कमी नाहीत. म्हणून वनखात्याचा अभिप्राय लेखी घ्या, मगच विसार द्या.

तिसरं, बहिणी. एकच नाव दिसलं म्हणून वारस एकच असतो असं नाही. वडील वारल्यावर भावाचं नाव लागलं आणि बहिणींची नोंदणीकृत हक्कसोड झालीच नाही, असं घराघरांत आहे. मुंबईला दिलेली आत्या दावा लावते तेव्हा तुमचं घर स्लॅबपर्यंत आलेलं असतं. दोष तिचा नाही, हक्क तिचाच आहे. खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या घ्या.

प्रश्न : प्लॉटपर्यंत गाडी जाते, पण कच्चा रस्ता दुसऱ्याच्या शेतातून आहे. चालेल?

आज जाते, कारण विकणारा त्या शेतकऱ्याचा चुलता आहे. गाव नकाशावर रस्ता नसेल तर त्या शेतकऱ्याकडून वाटेच्या हक्काचा दस्त नोंदवून घ्या, रुंदीसकट. नंतर वाट अडली तर मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५ आहे. नवी वाट बांधावरून मागायला जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण सख्ख्या शेजाऱ्याशी तहसीलमध्ये तारखा करत डोंगरात राहण्यात काय मजा?

प्रश्न : एवढा पाऊस पडतो, तर पाण्याची काळजी कशाला? आणि उतारावर सपाटी करून बांधलं तर?

पाऊस पडतो आणि वाहून जातो. काळ्या पाषाणात पाणी भेगांतूनच मुरतं, म्हणून एका बोअरला लागतं आणि पन्नास फुटांवरचं कोरडं निघतं. जमीन एप्रिल-मेमध्ये पाहा. गावातल्या बायका हंडे घेऊन कुठवर जातात, ते पाहिलं की उत्तर मिळेल. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ नवी विहीर खोदण्यावर भूजल कायद्याची बंधनं आहेत, हेही ध्यानात ठेवा.

उताराबद्दल मी कडक आहे. एकास पाचपेक्षा जास्त चढ असेल तर बांधकामाची परवानगी विसरा. जेसीबीने डोंगराचा पायथा कापून सपाटी केली की वरच्या मातीचा आधार जातो आणि पाण्याची नैसर्गिक वाट बुजते. माळीण २०१४ मध्ये, तळिये २०२१ मध्ये, इर्शाळवाडी २०२३ मध्ये दरडीखाली गेली. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी, पण उतार आणि जुलैचा पाऊस तिन्हीकडे होता. ओढ्याच्या मुखाशी किंवा तडे गेलेल्या उताराखाली स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथले नियम आणखी वेगळे.

प्रश्न : गावात घर घेतलं. जत्रेची वर्गणी मागतात, देवीची पालखी आमच्या आवारातून नेतात. अडवता येईल का?

वर्गणी द्या. पालखीची वाट तुमच्या कुंपणापेक्षा जुनी आहे, फाटक ठेवा.

प्रश्न : मी गावातच राहतो. मुंबईचे दोघे भाऊ आपला हिस्सा बाहेरच्याला विकणार म्हणतात. भाव चांगला आहे, मीही विकू का?

आधी भावांचं. वडिलांच्या वारसाने आलेली जमीन असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ती घेण्याचा पहिला हक्क तुमचा. शेतजमिनीलाही तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यांना लेखी कळवा. पैसे नसतील तर निदान विक्रीआधी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या, म्हणजे विहीर आणि रस्त्याकडची बाजू कोणाकडे जाते ते ठरेल. नंतर नवा मालक तुमच्याच खात्यात सामायिक म्हणून येऊन बसतो.

तुमचा हिस्सा मात्र सगळा विकू नका. शेवटचा गुंठा गेला की पुढे कुठेही शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा उभा करणं जड जातं, तुम्हाला आणि मुलांनाही. किमान एक एकर राखलीत तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करून दोन खोल्या चालवता येतात. भावाच्या विक्रीतून गावात येणारा पाहुणा जेवायला तुमच्याकडे आला तर वाईट काय?