सिंधच्या अमीरांनी (तिथल्या राज्यकर्त्यांनी) सिंधू नदी व्यापाराला खुली करून दिली होती, तरी इंग्रजांनी सिंध खालसा का केला?

एवढे तह झाले होते म्हणजे सिंध वाचायला हवा होता, असं तुमच्या प्रश्नात गृहीत आहे. मला उलट वाटतं. त्या तहांमधली नुसती जकातीची कलमं ओळीने वाचली तरी सिंध कसा हातचा गेला ते कळतं.

१८३१ साली ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्स विलायती घोड्यांचा नजराणा घेऊन रणजितसिंगांकडे लाहोरला निघाला, तो सिंधूतून. घोडे निमित्ताला, खरं काम नदीच्या पाहणीचं. खुद्द कंपनीच्या चार्ल्स मेटकाफने ही सरकारला न शोभणारी लबाडी असल्याचं लिहून ठेवलं होतं.

१८३२ मध्ये कंपनीच्या हेन्री पॉटिंजरने हैदराबादच्या (सिंधमधल्या) अमीरांशी तह केला, तेव्हा अटी घालणारे अमीर होते. युद्धसामग्री न्यायची नाही, लढाऊ जहाज आणायचं नाही, इंग्रज व्यापाऱ्याने सिंधमध्ये ठाण मांडायचं नाही. एकमेकांच्या मुलखाकडे लोभाने बघायचं नाही, हेही कलम त्यातलंच!

मग जकात घ्यायची कशावर, हा घोळ. मालावर घ्यायची तर नाक्यानाक्यावर नाव अडवून गाठोडी उघडणं आलं. म्हणून १८३४ मध्ये ती नावेवर ठरली: समुद्रापासून पंजाबातल्या रोपडपर्यंत ५७० रुपये, नाव लहान असो वा मोठी. यात लहान नाववाला मेलाच. लाहोर दरबाराशी (पंजाबच्या शीख राज्याशी) १८३९ मध्ये पुन्हा मालावर ठरलं आणि वर्षभरात परत नावेवर, पण या खेपेला आकार पाहून: २५० मणांपर्यंत ५०, ५०० पर्यंत १००, त्यापुढे १५० रुपये. लाहोरशी निदान घासाघीस तरी चालू होती.

सिंधमध्ये तीही संपली. अफगाण मोहिमेच्या निमित्ताने फौज आली, फेब्रुवारी १८३९ मध्ये कराची घेतली, आणि त्या वर्षीच्या तहाने नदीतून जाणाऱ्या नावांवरची जकातच बंद केली. परक्यांचं सोडा, आमच्या रयतेकडून तरी घेऊ द्या, असं अमीरांचं म्हणणं होतं. तेही मानलं नाही. १८४२ च्या नव्या तहाच्या मसुद्यात तर आगबोटींच्या जळणासाठी दोन्ही काठांवर शंभर यार्डांपर्यंत झाडं तोडायचा हक्क मागितला. त्या काठांवरच अमीरांच्या शिकारीची राखीव रानं होती, आणि त्यांचा जीव त्यात किती होता हे इंग्रजांना चांगलं ठाऊक होतं.

१७ फेब्रुवारी १८४३ ला मियानीची लढाई झाली. इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने सिंध घेतला, अमीरांना कैद करून मुंबईला आणलं, आणि १८४७ मध्ये सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला. १९३६ पर्यंत तो इलाख्यातच होता.