‘देवाची इच्छा’: होऊन गेलेली की करायची?

एका वाचक ताईंचा प्रश्न असा: ऑफिसातल्या ख्रिस्ती मैत्रिणीचे वडील वारले. त्या भेटायला गेल्या आणि सवयीने बोलून गेल्या, “देवाची इच्छा, दुसरं काय!” मैत्रीण गप्प राहिली. थोड्या वेळाने तिच्या आईने प्रार्थना केली, त्यात एक वाक्य होतं, “प्रभू, आम्हांला तुझ्या इच्छेप्रमाणे चालव.” ताई विचारतात, इच्छा तर होऊन गेली, मग आता तिच्याप्रमाणे चालायचं म्हणजे काय? आणि ख्रिस्ती प्रार्थनेत ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ असं सरळ न म्हणता ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असं का म्हणतात?

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात वाढलो. दोन्ही अर्थांची ‘देवाची इच्छा’ एकाच ओसरीवर ऐकली, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

आपल्या रोजच्या मराठीत देवाची इच्छा बहुधा मागे वळून पाहते. पीक गेलं, लग्न मोडलं, माणूस गेलं की ती आठवते. ‘ईश्वरेच्छा बलीयसी’, ‘देवाच्या मनात नव्हतं’, ‘देवाला हेच मंजूर होतं’ ही सगळी वाक्यं घटना संपल्यावरची आहेत. सर्वांत टोकाचा शब्द म्हणजे ‘देवाज्ञा’. आज्ञा ही खरं तर जिवंत माणसाने पाळायची गोष्ट. पण ‘त्यांना देवाज्ञा झाली’ म्हटलं की मराठी माणूस एकच अर्थ घेतो, ते वारले. शब्दचर्चेत इतकं ठळक उदाहरण क्वचित सापडतं.

आता प्रार्थनेचं वाक्य पाहू. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, मराठी ख्रिस्ती माणूस म्हणतो, “जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.” मूळ ग्रीकमध्ये ‘इच्छा’ हाच कर्ता आहे, ‘तुझी इच्छा होवो’ असा. तसंच्या तसं मराठीत आणलं असतं तर अर्थ भलताच झाला असता. मराठीत ‘मला चहा प्यायची इच्छा झाली’ म्हणजे ती मनात आली. ‘तुझी इच्छा होवो’ म्हणजे देवाला तसं वाटो! ‘पूर्ण होवो’ जोडलं तरी खटकतंच, कारण इच्छा पूर्ण होते ती अडलेल्याची. आईची काशीला जायची इच्छा पूर्ण झाली, असं आपण म्हणतो. हिंदीत ‘पूरी’ चालून गेलं, मराठीच्या कानाला ‘प्रमाणे’ हवं होतं.

आणि हा ‘प्रमाणे’ मला फार मोलाचा वाटतो. ‘वडिलांच्या इच्छेप्रमाणे शेत धाकट्याच्या नावावर केलं’ हे वाक्य घ्या. इच्छा वडिलांची, पण कागद घेऊन तलाठ्याकडे गेलं कोण? मुलं. इच्छापत्र एकजण लिहितो आणि ते दुसऱ्यांनी अमलात आणायचं असतं. मराठीत ‘इच्छेप्रमाणे’ म्हटलं की करणारे हात आपोआप वाक्यात येतात. ‘पित्या’ अशी हाक मारून केलेल्या प्रार्थनेत हे किती नेमकं बसतं!

‘होवो’कडेही बघा. जे होणारच आहे त्याला आपण ‘-ओ’ लावत नाही. ‘उद्या सूर्य उगवो’ असं कुणी म्हणत नाही. ‘कल्याण होवो’, ‘आयुष्य लाभो’, पसायदानातलं ‘जडो’, ‘लाहो’ हे सगळं अजून झालेलं नाही म्हणून मागितलेलं आहे. ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’ म्हणताना हेही कबूल केलेलं असतं की पृथ्वीवर अजून पुष्कळ काही देवाच्या मनाविरुद्ध चाललं आहे. जे जे घडतं ते सगळं त्याला हवंच होतं असं मानलं, तर या ओळीला अर्थच उरत नाही.

जरा गोव्यात जाऊन येऊ. तिथल्या कोकणी प्रार्थनेत हीच ओळ अशी आहे: “तुजी खुशी सर्गार जाता, तशी संवसारांत जांव.” खुशी! मराठी वाचकाला आधी आनंद आठवतो, पण ‘आपखुशीने’, ‘खुशीचा मामला’, ‘तुझी खुशी’ यांत मराठीनेही ‘मनाचा कौल’ हा अर्थ जपला आहे. उर्दू बायबलात याच जागी ‘मर्ज़ी’ आहे.

माझी आजीही मर्जीच म्हणायची. चूल विझवून, पदर डोक्यावर घेऊन, “बापा, तुझ्या मर्जीपरमानं होऊ दे.” शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, आम्हांला छापील ‘इच्छा’ पाठ झालेली, त्यामुळे आजीचा शब्द चुकीचा आहे असं मला वाटायचं. मर्जी म्हणजे साहेबाची, खप्पा होणारी, सांभाळावी लागणारी. पुढे मुळं धुंडाळली तेव्हा कळलं की मर्जी, राजी, रजा हे सगळे एकाच अरबी धातूतून आलेले आहेत आणि त्या धातूचा अर्थ पसंत असणं, संतुष्ट असणं. त्याचा हिब्रू भाऊबंद म्हणजे ‘रात्सोन’. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत, चाळिसाव्या स्तोत्रात, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे करण्यात मला आनंद आहे’ असं जिथे म्हटलं आहे तिथे मूळ हिब्रूत ‘इच्छे’च्या जागी हाच शब्द आहे. म्हणजे आजीचा शब्द मुळाच्या सख्ख्या नात्यातला निघाला. आणि मर्जी तर आपण राखतो, सांभाळतो, म्हणजे तिच्यासाठी काहीतरी करतो.

देवाच्या इच्छेसाठी ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. ‘थेलेमा’ म्हणजे हवं असलेलं, आणि ‘बूले’ म्हणजे ठरवलेला मनसुबा. दोन्हींमधली रेघ काटेकोर नाही, पण मराठी बायबलात पौलाच्या (ख्रिस्ती धर्माच्या आद्य प्रचारकाच्या) निरोपाच्या भाषणात ‘देवाचा संपूर्ण मनोदय’ येतो तो ‘बूले’साठी. मनोदय त्याच्याजवळ असतो, बराचसा आपल्याला न कळणारा. प्रार्थनेतला शब्द ‘थेलेमा’. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू दुसऱ्यांदा प्रार्थना करतो तेव्हा मत्तय त्याच्या तोंडी शिष्यांना शिकवलेलेच ग्रीक शब्द घालतो, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. घटना अजून घडलेली नाही, पळून जायची वाट मोकळी आहे, आणि तो हो म्हणतो. सुस्कारा टाकून म्हटलेल्या ‘देवाची इच्छा’पासून हे किती दूर आहे!

ती इच्छा ओळखायची कशी, हा ख्रिस्ती घरांतला रोजचा प्रश्न. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल ज्या क्रियापदाने उत्तर देतो ते ‘दोकिमाझेइन’, धातूचा वा नाण्याचा कस पाहणं. मराठी बायबलात ‘समजून घ्यावे’ असं आहे. मला विचाराल तर ‘पारखणे’ जास्त जवळचं. सराफाची नजर एका दिवसात तयार होत नाही.

मी स्वतः नोकरी बदलायची की नाही म्हणून अडलो होतो, तेव्हा आजीला म्हणालो, “प्रभूची इच्छा कळत नाही.” ती शेंगा फोडत होती. म्हणाली, “धाकल्याशी बोलतूस का?” भावाशी वर्षभर अबोला होता. “त्ये तर कळतंय ना? मंग आधी त्ये कर.” पौलाच्याच थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात ‘देवाची इच्छा ही आहे’ म्हणून जे सांगितलंय ते पवित्रीकरण (शुद्ध आयुष्य जगणं) आणि उपकारस्तुती (देवाचे आभार मानणं), कुठल्या गावी नोकरी करावी हे तिथे नाही. आजीने ते पत्र कितीदा ऐकलं होतं कोण जाणे. मी त्या रविवारी भावाकडे गेलो. नोकरीचं पुढे दोन महिने कळलं नाही.

आता ताई, तुमचं ‘देवाची इच्छा, दुसरं काय!’ हे वाक्य. ते चुकीचं नव्हतं, ख्रिस्ती माणसंही तसं बोलतात. बायबलातला ईयोब मुलंबाळं आणि मालमत्ता गेल्यावर ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ म्हणतोच. पण ते ज्याचं गेलं तो स्वतः म्हणतो. त्याला देवाचे हेतू समजावून सांगायला बसलेल्या मित्रांना शेवटी देवाने सुनावलं. म्हणून हे वाक्य घरच्यांनी म्हणावं, भेटायला आलेल्याने जपून.

आणि मैत्रिणीच्या आईचं, त्या माउलीचं ‘चालव’! ‘चालणे’चं प्रयोजक रूप. बोट धरून मूल चालवतो तसं. बोट दुसऱ्याचं असलं तरी पाय मुलाचेच असतात. नवरा गेल्याच्या आठवड्यात त्यांनी पुढच्या पावलांसाठी मागितलं होतं. पुन्हा भेटाल तेव्हा ‘प्रभू तुम्हांला धीर देवो’ एवढं म्हणा. त्यातही तोच ‘-ओ’ आहे.