आवाज पुढे, ओठ मागे

एडिट करताना व्हिडिओतला आवाज आणि ओठ जुळत नाहीत, वर प्लेबॅकही अडखळतोय म्हणालास, तर आधी एक बघ. आवाज पहिल्यापासून सारखाच सरकलाय, की क्लिप पुढे जाते तशी तफावत वाढतेय? सारखाच सरकला असेल तर एखादी टाळी शोध, हात जुळतात त्या फ्रेमवर ऑडिओ ओढ, झालं काम.

वाढत जात असेल तर बहुतेक वेळा घोळ फोनच्या फुटेजचा. बरेच फोन शूटिंग चालू असतानाच फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं टिपायची तो आकडा) कमीजास्त करतात, उजेड कमी झाला की तर हमखास. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ठरावीक रेट धरून चालतं. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये फाइल उघड; ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ (म्हणजे बदलता) दिसलं की चोर सापडला. मग हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून सेकंदाला ३० फ्रेमला कन्व्हर्ट कर आणि टाइमलाइनवर ती नवी फाइल घे. मूळ फाइल डिलीट करू नकोस, एवढं ऐक. क्लिप कापून कापून आवाज जुळवत बसणं म्हणजे गळक्या छपराखाली बादल्या सरकवणं.

प्लेबॅक अडखळतोय, ते वेगळं दुखणं. एच.२६५ची (खूप दाबून साठवलेली, उलगडायला जड) फाइल असेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी कॉपी, बनव. लगेच नवा लॅपटॉप घ्यायला धावू नकोस. एक्स्पोर्टला प्रॉक्सी न जाता पूर्ण क्वालिटीची फाइलच वापरली जातेय ना, तेवढं सेटिंगमध्ये बघून घे.