सुरिनामचे 'हिंदुस्तानी' : हिंदू, भारतीय की आणखी कुणी?

प्रश्न असा आला आहे : "नोकरीनिमित्त मी नेदरलँड्समध्ये हेगला राहते. खालच्या मजल्यावरच्या आजी मूळच्या सुरिनामच्या. त्या स्वतःला 'हिंदुस्तानी' म्हणवतात. मी धरून चालले होते की त्या हिंदू आहेत. परवा ईदला त्या शेवयांचं भांडं घेऊन दारात उभ्या राहिल्या! मग हिंदुस्तानी म्हणजे नक्की कोण? मला त्यांच्यावर मराठीत लिहायचं आहे. हिंदू लिहू, भारतीय लिहू, की हिंदुस्तानीच ठेवू?"

हिंदुस्तानीच ठेवा. आणि 'त'नेच लिहा, 'थ'ने नको. सवयीने 'हिंदू' लिहिलंत तर त्या समाजातली कितीतरी माणसं तुमच्या लेखातून बाहेर पडतील, आणि पहिल्या बाहेर पडतील त्या आजीच.

हा शब्द धर्माचा नाही, वंशाचा आहे. सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची डचांची वसाहत. तिथली गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपली, पण सुटलेल्या माणसांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबणं भाग होतं. ती मुदत १८७३ मध्ये संपत होती आणि मळेवाल्यांना नवे हात हवे होते. डच सरकारने १८७० मध्ये ब्रिटनशी करार करून हिंदुस्थानातून मजूर नेण्याची परवानगी मिळवली. 'लल्ला रूख' हे पहिलं जहाज २६ फेब्रुवारी १८७३ ला कलकत्त्याहून सुटलं आणि ५ जूनला सुमारे चारशे माणसं घेऊन सुरिनामला लागलं. त्यानंतर १९१६ पर्यंत ६४ जहाजांतून ३४ हजारांहून जास्त लोक गेले. बहुतेक सगळे आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले आणि पश्चिम बिहारमधले. हिंदू जास्त, पण मुसलमानही चांगल्या संख्येने होते. एकाच जिल्ह्यातून निघालेले, एकाच जहाजावर तीन महिने काढलेले, एकाच मळ्यावर उतरलेले.

आता या माणसांना म्हणायचं काय? इथे खरी अडचण भाषेची होती. डच भाषेत 'इंडियान' म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. सुरिनाममध्ये कालिन्या, लोकोनो, त्रियो, वायाना असे आदिवासी समाज होते आणि आजही आहेत, त्यांच्याकडे तो शब्द आधीच गेलेला. शेजारच्या ब्रिटिश गयानात हाच पेच इंग्रजांनी 'ईस्ट इंडियन' म्हणून सोडवला. डच दप्तरात 'ब्रिटिश इंडियन' अशी नोंद होऊ लागली, कारण ही माणसं ब्रिटिश प्रजाजन होती आणि त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला राजधानी पारामारिबोत ब्रिटिश वाणिज्यदूत असे. मळ्यावर मात्र त्यांना 'कुली' म्हणत. तो शब्द किती लागत असेल हे वेगळं सांगायला नको. ती माणसं आपसात स्वतःला 'कंतराकी' म्हणत, म्हणजे कंत्राटावर आलेले. फिजी-मॉरिशसकडचा 'गिरमिटिया' आपल्याला जास्त ओळखीचा आहे, तो 'ॲग्रिमेंट'च्या 'गिरमिट'वरून आला. (आपल्या सुताराच्या गिरमिटाशी त्याचा संबंध नाही. ते भोक पाडायचं हत्यार इंग्रजी 'गिमलेट'वरून आलेलं.) कंतराकी आणि गिरमिटिया हे एकाच पाच वर्षांच्या कराराला फुटलेले दोन कोंब आहेत.

पण कंत्राट संपल्यावर कंतराकी कोण उरतो? परतीचं भाडं फुकट मिळायचं, तरी साधारण एक तृतीयांशच लोक परत गेले. १८९५ पासून तर परतीचा हक्क सोडणाऱ्याला जमीन आणि वर १०० गिल्डर मिळू लागले. लोक राहिले, भात पिकवू लागले. १९२७ च्या कायद्याने सुरिनाममध्ये जन्मलेली त्यांची मुलं डच प्रजाजन झाली, म्हणजे 'ब्रिटिश' हे विशेषणही गळून पडलं. त्या रिकाम्या जागी 'हिंदुस्तानी' बसला. त्यांच्या आजा-पणजांनी ज्याला मुलूख म्हणून ओळखलं होतं तो हिंदुस्तान, आणि तिथून आलेला तो हिंदुस्तानी. फाळणी व्हायच्या तीस ते चौऱ्याहत्तर वर्षं आधी ही माणसं निघाली होती. त्यांच्या शब्दात जो देश आहे त्यात रेघ ओढलेली नाही. मला या शब्दाचं सर्वांत मोठं मोल तिथे वाटतं.

याचा पुरावा राजकारणातही सापडतो. १९४९ मध्ये सुरिनामातले हिंदूंचे आणि मुसलमानांचे पक्ष एकत्र येऊन एक पक्ष झाला. त्याच्या डच नावाचा अर्थ 'संयुक्त हिंदुस्तानी पक्ष'. जगरनाथ लछमन हे त्याचे दीर्घकाळ नेते. आता या नावाचं भाषांतर कुणी 'संयुक्त हिंदू पक्ष' असं केलं, तर तो पक्ष कशासाठी निघाला हेच उलटं होऊन बसतं. पुढे १९७३ मध्ये पक्षाने नाव बदलून 'पुरोगामी सुधारणा पक्ष' अशा अर्थाचं केलं, पण व्ही, एच, पी ही डच आद्याक्षरं तीच ठेवली. मराठी वाचकाने ही तीन अक्षरं पाहिली की भलतंच डोळ्यांसमोर येतं, म्हणून तुमच्या लेखात आली तर लगेच उलगडून सांगा.

डच भाषेतही हा घोटाळा आहेच. तिथे 'हिंदुस्तानी'च्या दोन वर्तन्या चालतात. एकीत सुरुवातीलाच डचमधला 'हिंदू' हा शब्द जसाच्या तसा दिसतो, दुसरीत 'हिंदो' असं वाचलं जातं. समाजातले अनेकजण दुसरीच वर्तनी धरून बसतात, कारण पहिलीमुळे डच शेजाऱ्यांचा तुमच्यासारखाच समज होतो. तेव्हा चूक तुमची एकटीची नाही.

आता 'भारतीय' का नको? कारण त्या भारताच्या नागरिक नाहीत आणि त्यांचे पूर्वज निघाले तेव्हा त्या नावाचं राष्ट्र उभं राहिलं नव्हतं. 'भारतीय वंशाच्या' म्हटलं तर चूक नाही, बातमीत ते खपतं. पण आजी स्वतःला जे म्हणतात ते ते नव्हे. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठीत तुम्ही हा लेख लिहिला असतात तर 'डच गियानातील (म्हणजे सुरिनाममधील) हिंदी लोक' असं लिहिलं असतंत आणि ते अगदी बरोबर ठरलं असतं, कारण तेव्हा 'हिंदी' म्हणजे हिंदुस्थानचा. 'हिंदी महासागर'मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. आज मात्र 'हिंदी लोक' म्हटलं की वाचक भाषेकडे जातो, आणि आजींची घरची भाषा तर हिंदीही नव्हे. ती सरनामी : भोजपुरी आणि अवधीच्या पायावर उभी राहिलेली, डच आणि तिथल्या स्रानान भाषेचे शब्द पोटात घेतलेली. 'सरनाम' म्हणजे त्यांच्या तोंडचं सुरिनाम. आपल्या 'सरनामा'शी, म्हणजे लेखाच्या मथळ्याशी, त्याचं नातं नाही. ध्वनी जुळले एवढंच.

'त' का, 'थ' का नाही? आपण मराठीत 'हिंदुस्थान' लिहितो तेव्हा फारसी '-स्तान'ला संस्कृत 'स्थान'चा पेहराव चढवतो. आपल्या देशाबद्दल लिहिताना ते चालतं. पण हे एका समाजाने स्वतःला घेतलेलं नाव आहे आणि ते 'हिंदुस्तानी' असंच उच्चारतात. नावाला आपण हात लावू नये.

धर्म सांगायचा असेल तेव्हा तो वेगळ्या शब्दाने सांगा. आणि इथे एक सावधगिरी. नुसतं 'सुरिनामी मुसलमान' म्हटलं तर त्यात दोन समाज येतात. १८९० पासून डचांनी जावा बेटावरूनही मजूर आणले आणि तेही मुसलमान. त्यांची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जावाहून मक्का पश्चिमेला. ते लोक सुरिनामला आले आणि पूर्वीसारखेच पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढत राहिले. सुरिनामहून मक्का आहे पूर्वेला. हिंदुस्तानी मुसलमान पूर्वेकडे तोंड करत. पुढे जावानीजांमध्येच पूर्वेकडे वळणारे निघाले, आणि 'पश्चिमवाले' व 'पूर्ववाले' असे दोन गट पडले. गावात मशीद कुठल्या बाजूला तोंड करून बांधली आहे यावरून ती कुणाची ते कळे. बापजाद्यांची दिशा सोडवत नाही ती अशी.

२०१२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ५ लाख ४१ हजार होती. हिंदुस्तानी २७.४ टक्के, हिंदू २२.३ टक्के. हे दोन आकडे वेगळे रकाने भरून आले आहेत, एक वंशाचा आणि एक धर्माचा. तुमच्या लेखात हे दोन आकडे शेजारी ठेवलेत तरी निम्मा खुलासा होईल. पळून जाऊन जंगलात स्वतंत्र वस्त्या केलेल्या गुलामांचे वंशज, म्हणजे मरून लोक, २१.७ टक्के. त्यातल्या न्द्युका लोकांनी १७६० मध्येच डचांना तह करायला लावला होता, गुलामगिरी संपण्याच्या शंभर वर्षं आधी. ('मरून' मराठीत लिहिताना सोबत 'लोक' किंवा 'समाज' जोडा, नाहीतर वाचक रंग समजेल.) शिवाय क्रिओल (मळ्यांवरच राहिलेल्या गुलामांचे वंशज), जावानीज, चिनी, शिवाय सतराव्या शतकापासूनचे ज्यू. पारामारिबोत एकाच रस्त्यावर शेजारीशेजारी मशीद आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आणि त्या प्रार्थनास्थळाच्या जमिनीवर फरशीऐवजी वाळू पसरलेली आहे.

१९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास हजारो कुटुंबं नेदरलँड्सला गेली, त्यांतली पुष्कळ हिंदुस्तानी कुटुंबं हेगमध्ये स्थिरावली. तुमच्या आजी केव्हा आल्या आणि त्यांचे पूर्वज कुठल्या जिल्ह्यातून निघाले, हे त्यांना जरूर विचारा. पूर्वजाचं नाव ठाऊक असेल तर जहाजाचं नाव, गाव, वय, उंची अशा नोंदी सुरिनामच्या मजूर नोंदवहीत सापडू शकतात. लेखात त्यांची ओळख 'हिंदुस्तानी, धर्माने मुसलमान, जन्माने सुरिनामी' अशी द्या, याच क्रमाने. क्रम पसंत आहे का, तेही त्यांनाच विचारून घ्या.