इसार देण्याआधी ग्लव्ह बॉक्सखाली वाकून बघा

अमेरिकेत ओहायोत १९६३ ची स्प्लिट विंडो कॉर्व्हेट, म्हणजे मागची काच मधल्या पट्टीने दुभंगलेली शेव्हरोलेची जुनी स्पोर्ट्स कार मिळतेय, मालक ‘सगळे नंबर जुळतात’, म्हणजे इंजिन गाडीचं मूळचंच आहे, म्हणतोय आणि शनिवारी इसार पाठवायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळा आला. १२ वर्षांपूर्वी मीही याच वाक्यावर पैसे पाठवले होते.

इंजिनावरचा शिक्का कुठे असतो, तारखा कशा वाचायच्या, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी तो शिक्का भिंग लावून पाहिला. शेवटचे आकडे टायटलशी, म्हणजे मालकीच्या कागदाशी जुळले आणि मी निर्धास्त झालो. पण त्या शिक्क्यात फक्त वर्ष आणि अनुक्रमांक असतो. गाडीचा पूर्ण नंबर असतो ग्लव्ह बॉक्सखालच्या पट्टीवरच्या प्लेटवर. तिथे १९६३ च्या कूपला (पक्क्या छपराची) ३०८३७ आणि कन्व्हर्टिबलला (उघडणाऱ्या छपराची) ३०८६७ अशी सुरुवात असते. माझ्या टायटलवर कधीकाळी कोणीतरी ३ च्या जागी ६ टाइप केला होता. म्हणजे गाडी कूप, कागदावर कन्व्हर्टिबल!

राज्याचं नाव घेत नाही, पण तिथल्या मोटार नोंदणी ऑफिसात मी नऊ खेटे घातले. एक खिडकी म्हणे, आधीच्या राज्याचं पत्र आणा. आधीचं राज्य म्हणे, आम्ही जुन्या मालकाशीच बोलू. जुन्या मालकाने फोन उचलणं बंद केलं. शेवटी गाडी ट्रेलरवर घालून नेली. छप्पर समोर दिसत असताना बाहेर येऊन बघायला कोणी तयार नाही. १४ महिने गाडी गॅरेजात पडून. त्या आकड्याचा राग अजून गेलेला नाही.

आता गाडीबद्दल. ती दुभंगलेली काच फक्त १९६३ च्या कूपला आली, एकूण १०,५९४ गाड्या. मागचं नीट दिसत नाही म्हणून कॉर्व्हेटचा इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्हचा तिला विरोध होता, कंपनीचा डिझाइनप्रमुख बिल मिचेलने हट्टाने ठेवली. १९६४ ला मधली पट्टी गेली. तेव्हा काही मालकांनी आपल्या ६३ ची पट्टीही कापून सलग काच बसवून घेतली. आता भाव आल्यावर तीच पट्टी पुन्हा जोडली जाते. म्हणून मागच्या काचेभोवतीचं फायबरग्लास आतून, बॅटरी मारून बघा.

माझं मत विचाराल तर मूळ इंजिनाचं वेड अति झालंय. इंजिन बदललेलं पण टायटल आणि फ्रेम स्वच्छ असलेली गाडी मी आधी घेईन. फायबरग्लासची बॉडी गंजत नाही म्हणून लोक गाफील राहतात. खालची फ्रेम आणि काचेभोवतीचा सांगाडा पोलादाचा आहे. मागच्या चाकांपाशी फ्रेम जिथे वर चढते, तिथे हातोडीने हलकेच ठोकून बघा. आवाज बद्द आला तर रंगाकडे ढुंकूनही बघू नका.

मी वकील नाही, मूल्यांकन करणाराही नाही, आणि नियम राज्यागणिक बदलतात. पण प्लेट आणि टायटल एकाच फोटोत, आकडे स्पष्ट वाचता येतील असे मागवा. शनिवारपर्यंत तो फोटो आला नाही तर इसार पाठवू नका. आला तर इथे टाकण्याआधी शेवटचे आकडे झाका. पहिले पाच तेवढे मला दिसू द्या.